अळणी मूत्र, खारे रक्त : तहानेच्या एका आजाराचा इतिहास

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर हे गाव आहे. बारवांचा नाद असलेल्यांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. तिथली चक्राकार पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून पुन्हा मोकळी केली, तेव्हा तिची छायाचित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. आजचा धागा मात्र स्थापत्याचा नाही. ज्या गरजेपोटी माणसाने दगडात इतक्या खोल उतरण्याची सोय केली, त्या तहानेचा आहे. आणि जी कितीही पाणी प्यायले तरी भागत नाही, अशा एका तहानेचा आहे.

आधी एक साधा हिशेब मांडू. दुष्काळात ज्या गावाला टँकर लागतो, तिथे माणशी दिवसाला २० लिटर पाणी धरले जाते. पिणे, स्वयंपाक, भांडी, अंघोळ हे सारे त्यात बसवायचे. आता त्याच गावात एक प्रौढ माणूस असा आहे की, ज्याला पिण्यासाठीच रोज १० ते १५ लिटर पाणी लागते. रात्री तो दर तासाला उठतो. लघवी करतो, तांब्याभर पाणी पितो, पुन्हा आडवा होतो. त्याच्या लघवीत साखर नाही. ताप नाही, जंतू नाहीत. शेजारी म्हणतात, सवय लागली आहे. पाणी कमी दिले तर सुधारेल, असेही कोणीतरी सुचवते. या सुचवणीत त्याचा जीव जाऊ शकतो, आणि तसे प्रत्यक्ष घडलेलेही आहे.

या आजाराला इंग्रजी वैद्यकाने सव्वादोनशे वर्षे ‘डायबेटिस इन्सिपिडस’ म्हटले. २०२२ पासून त्याचे अधिकृत नाव बदलले आहे. ते का बदलावे लागले, हे समजण्यासाठी थोडे मागे, देवगिरीपर्यंत जावे लागेल.

मराठवाड्यात कुठलीही जुनी दगडी बांधणी दिसली की तिला ‘हेमाडपंती’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो काटेकोर नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे; हेमाद्री त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या काळात झाला. पण हेमाद्रीची एक बाजू आपल्या धाग्यांतून क्वचितच येते. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ लिहिणाऱ्या या करणाधिपाने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या वैद्यकग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. त्याच्या आश्रयाला असलेला बोपदेव हा केशव नावाच्या वैद्याचा मुलगा होता. म्हणजे तेराव्या शतकात गोदावरीच्या खोऱ्यावर जिथून राज्य चालत होते, त्या दरबारात वैद्यकाचे वाचन गंभीरपणे होत होते.

त्या परंपरेत लघवीच्या विकारांना ‘प्रमेह’ म्हटले आहे. चरकाने त्याचे २० प्रकार सांगितले : कफाचे १०, पित्ताचे ६ आणि वाताचे ४. वाताच्या चारांत मधुमेह येतो, आणि तो असाध्य मानला आहे. कफाच्या दहांत ‘उदकमेह’ येतो. त्याची लक्षणे अशी : लघवी पुष्कळ, स्वच्छ, पांढरी, थंड, गंधहीन, पाण्यासारखी. आधुनिक वाचक इथे उडी मारतो आणि म्हणतो, हाच तो आजार! समाजमाध्यमांवर असे दावे रोज दिसतात, म्हणून थोडे थांबून पाहू.

वर्णन जुळते, यात शंका नाही. पाण्यासारखी, बेचव, भरपूर लघवी ही गोड लघवीपेक्षा वेगळी आहे, हे भारतीय वैद्यांनी युरोपच्या कितीतरी आधी नोंदवले होते; ते निर्विवाद आहे. पण कफाचे प्रमेह चरकाने साध्य मानले आहेत, आहार आणि व्यायामाने बरे होणारे. आपण ज्या आजाराबद्दल बोलत आहोत, तो उपासाने किंवा चालण्याने बरा होत नाही. शिवाय तहानेचा विचार त्या ग्रंथांत ‘तृष्णा’ या स्वतंत्र प्रकरणात येतो. सुश्रुताने तृष्णेची व्याख्याच अशी केली आहे की, माणूस सतत पाणी पितो, तरी तृप्त होत नाही आणि पुन्हा पाणीच मागतो. लघवी एका प्रकरणात आणि तहान दुसऱ्या प्रकरणात, अशी ही विभागणी आहे. त्यामुळे ‘उदकमेह म्हणजेच डायबेटिस इन्सिपिडस’ असे समीकरण मांडणे मला घाईचे वाटते. उदकमेहाच्या छत्रीखाली अनेक कारणांचे रुग्ण असावेत आणि त्यांत हेही काही असावेत, इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते. वैद्यांचे निरीक्षण थोर होते, पण त्याला आजच्या निदानाचा शिक्का लावल्याने ते अधिक थोर होत नाही.

युरोपातही सुरुवात चवीनेच झाली. १६७४ मध्ये थॉमस विलिस याने मधुमेही लघवी मधासारखी गोड असल्याचे लिहिले. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने ती आटवून तळाशी साखर मिळवून दाखवली. एडिंबरोच्या विल्यम कलेनने मग दोन वर्ग केले : गोड तो ‘मेलिटस’, बेचव तो ‘इन्सिपिडस’. १७९४ मध्ये योहान पेटर फ्रांक याने साखर नसलेली, दीर्घकाळ टिकणारी अतिमूत्रता अशी दुसऱ्या वर्गाची नेटकी व्याख्या केली.

इन्सिपिडस या लॅटिन शब्दाला मराठीत सरळ प्रतिशब्द आहे : अळणी. आणि तो अनुवाद म्हणून जितका बरोबर आहे, तितकाच शास्त्र म्हणूनही बरोबर आहे, हे कलेनला ठाऊक असणे शक्य नव्हते. या आजारात लघवी खरोखरच अळणी असते. तिच्यात मीठ अत्यंत विरळ असते. मूत्रपिंडातून नुसते पाणी वाहून जाते, मीठ मागे राहते आणि रक्त खारट होत जाते. लघवीच्या चवीवरून नाव पडले, पण मरणाचा धोका दुसऱ्या बाजूला, रक्तातल्या सोडियममध्ये होता. तिकडे पाहायला आणखी दीडशे वर्षे लागली.

मधल्या काळात हा आजार म्हणजे मज्जातंतूंचा दोष की मूत्रपिंडांचा, की केवळ जडलेले व्यसन, यावर वाद चालू राहिला. १८८४ मध्ये जर्मनीत आडोल्फ वाइल याने एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार पिढ्यांतील ९१ माणसांपैकी २३ जणांना हा त्रास होता. लहानपणापासून अफाट पाणी पिणारी ही माणसे पुरेसे पाणी मिळत असल्याने म्हातारी होईपर्यंत जगत होती. हा तपशील महत्त्वाचा आहे. औषध नसतानाही, हाताशी पाणी असेल आणि तहान शाबूत असेल, तर माणूस जगतो. पाणी हेच तेव्हा एकमेव औषध होते. ज्या प्रदेशात पाणी हाताशी नाही, तिथल्या रुग्णाचे काय झाले असेल, याची नोंद कुठल्या जर्मन नियतकालिकात येणार नव्हती.

आता विसाव्या शतकात येऊ. इथे गोष्ट एकदम वेग घेते.

१८९५ मध्ये लंडनमध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क प्राण्यांना टोचला, तेव्हा रक्तदाब वाढला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ही ग्रंथी हाडाच्या एका खळग्यात बसलेली असते. खळग्याचा आकार खोगिरासारखा, म्हणून शरीररचनाशास्त्रात त्याला ‘तुर्की खोगीर’ म्हणतात. १९०१ मध्ये माग्नुस आणि शेफर यांना याच अर्काने लघवी वाढलेली दिसली. त्यावरून तर्क असा निघाला की, ग्रंथी जास्त काम करू लागली तर अतिमूत्रता होत असावी. तर्क सुसंगत होता आणि पूर्णपणे उलटा होता.

तो उलटवला एका बंदुकीच्या गोळीने. १९१२ मध्ये ब्रेस्लाऊच्या आल्फ्रेड फ्रांक याने एका माणसाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याने स्वतःवर गोळी झाडली होती. तो वाचला, पण त्यानंतर त्याला विलक्षण तहान आणि अतिमूत्रता सुरू झाली. क्ष-किरण चित्रात गोळी थेट त्या तुर्की खोगिराशी अडकलेली दिसली. म्हणजे ग्रंथी जास्त काम केल्याने नव्हे, निकामी झाल्याने हे होत होते. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, इटलीत फारिनी आणि जर्मनीत फोन डेन फेल्डेन या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे रुग्णांना पिट्युटरीच्या मागच्या भागाचा अर्क टोचला. लघवी कमी झाली आणि तहान उतरली. अर्काचा परिणाम ओसरला की सगळे पूर्ववत होई, पण दार उघडले होते. इन्सुलिनच्या शोधापूर्वीची ही आठ वर्षे आहेत. तरीही इन्सुलिनची गोष्ट सर्वांना माहीत असते आणि ही कुणालाच नसते. ‘डायबेटिस’ या नावाच्या दोन भावंडांपैकी एक फार मोठे झाले की दुसऱ्याचे असेच होते.

त्या वेळी वालूर निजामाच्या राज्यात होते. सेलू स्टेशनवरून जाणारी मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज नुकतीच, शतकाच्या सुरुवातीला, धावू लागली होती.

आता नेमके बिघडते काय, ते थोडक्यात सांगतो. कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक वाटेतच परत घेतला जातो. शेवटचा साधारण दहावा हिस्सा परत घ्यायचा की सोडून द्यायचा, हे मात्र एका संप्रेरकाच्या हुकमावर ठरते. ते मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते, देठातून खाली उतरते आणि पिट्युटरीच्या मागच्या भागात साठते. रक्त थोडेसे खारट झाले की ते सुटते आणि मूत्रपिंडे पाणी राखू लागतात. १९४७ मध्ये अर्नेस्ट व्हर्नी याने कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, मेंदूत रक्ताचा खारटपणा मोजणारी ठिकाणे आहेत आणि दोन टक्क्यांची वाढही त्यांना पुरते. हे संप्रेरकच नसेल, तर तो शेवटचा दहावा हिस्सा तसाच वाहून जातो. १५ लिटरांचा आकडा तिथून येतो.

१९२८ मध्ये पार्क-डेव्हिस या औषधकंपनीतील ऑलिव्हर काम याने पिट्युटरीच्या अर्काचे दोन भाग वेगळे केले. त्यातील एकाचे नाव पडले ‘व्हॅसोप्रेसिन’, म्हणजे रक्तवाहिन्या आवळणारे. १८९५ च्या रक्तदाबाच्या प्रयोगाची ही सावली. रोजच्या आयुष्यात या संप्रेरकाचे मुख्य काम पाणी राखण्याचे असले, तरी नाव रक्तदाबाचे राहिले. या आजाराच्या इतिहासात जवळजवळ प्रत्येक नाव चुकीच्या जागी लागलेले आहे.

१९२० आणि ३० च्या दशकांतील रुग्णाचे उपचार कसे असत? कत्तलखान्यातून गोळा केलेल्या ग्रंथींचा अर्क दिवसातून अनेकदा टोचून घ्यायचा, किंवा वाळवलेल्या ग्रंथीची पूड तपकिरीसारखी नाकात ओढायची. पुडीने नाक चुरचुरे, शिंका येत, काहींना दमा जडे. पुढे तेलातील इंजेक्शन आले. त्याचा परिणाम एक ते तीन दिवस टिके. ते गरम करून, जोराने हलवून मगच टोचायचे. नीट हलवले नाही तर औषध तळाशीच राही आणि रुग्ण कोरडाच राही.

उपचार मिळाला, आणि त्याच्याबरोबर दुसरा धोका आला. मला हा भाग सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. १९२२ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या वेअर, लार्सन आणि राउन्ट्री यांनी या आजारावरील आपल्या अभ्यासात ‘जलविषबाधा’ वर्णन केली. अर्क दिल्यावर मूत्रपिंडे पाणी राखू लागतात, पण वर्षानुवर्षे पाणी पिण्याची सवय झालेला रुग्ण पितच राहतो. पाणी आत येते, बाहेर जात नाही. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, झटके. ज्याला पाण्यावाचून मरण होते, त्याला आता पाण्यानेच मरण येऊ शकत होते.

असे का होते, हे त्या काळी खाटेशेजारी उभे राहून मोजता येत नव्हते. रक्तातील सोडियम मोजण्याची रासायनिक पद्धत वेळखाऊ होती. १९४० च्या दशकात ज्योतीच्या रंगावरून सोडियम मोजणारे यंत्र, फ्लेम फोटोमीटर, प्रयोगशाळांत आले आणि आज आपल्याला सहज वाटणारा आकडा डॉक्टरांच्या हाती पडला : लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल. या पट्ट्याच्या वर गेले की मेंदूच्या पेशी आकसतात, खाली गेले की फुगतात. ‘सोडियमचा तोल’ ही कल्पना आपल्याला सनातन वाटते. रोजच्या वैद्यकात ती दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे आली आहे. त्याआधी होती ती जीभ, नाडी आणि तहान.

एक धडा मात्र यंत्र आल्यानंतर, आणि फार महागात, मिळाला. १९५९ मध्ये ॲडम्स, व्हिक्टर आणि मॅन्कॉल यांनी मेंदूच्या मध्यभागी मज्जातंतूंचे आवरण विरघळल्याचे काही रुग्णांत नोंदवले. नंतरच्या दशकांत उलगडले की, बराच काळ खाली राहिलेले सोडियम घाईने वर आणले तर हे घडते. माणूस शुद्धीवर येतो आणि काही दिवसांनी त्याची वाचा जाते, हातपाय लुळे पडतात. म्हणून आज असे सोडियम २४ तासांत ८ ते १० मिलिमोलांपेक्षा जास्त वाढू न देण्याचा दंडक आहे. आपल्या आजाराशी याचे थेट नाते आहे. औषधाने सोडियम उतरलेल्या रुग्णाचे औषध घाबरून एकदम बंद केले, तर अळणी लघवीचा लोंढा सुटतो आणि सोडियम काही तासांत उसळी घेते. उपाय करणाऱ्याचा हातच घात करतो.

१९५० च्या दशकात व्हिन्सेंट द्यु विग्नो याने व्हॅसोप्रेसिनची रचना उलगडली आणि ते प्रयोगशाळेत तयार केले. नऊ अमिनो आम्लांचा हा लहानसा रेणू आहे. त्याला १९५५ चे नोबेल मिळाले. खरी क्रांती मात्र प्रागमध्ये झाली. १९६७ मध्ये मिलान झाओराल आणि सहकाऱ्यांनी त्या रेणूत दोन बदल केले : पहिल्या ठिकाणचा अमिनो गट काढला आणि आठव्या ठिकाणचे आर्जिनिन आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे बसवले. नवा रेणू रक्तदाब जवळजवळ वाढवत नव्हता आणि कितीतरी जास्त वेळ टिकत होता. पुढच्याच वर्षी त्याचे रुग्णांवरील निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. हेच डेस्मोप्रेसिन. आधी नाकात सोडायचे थेंब, मग फवारा, मग गोळी, आणि जिभेखाली विरघळणारी टिकली. शीतयुद्धाच्या काळातील चेकोस्लोव्हाकियाकडून जगाला मिळालेली ही देणगी आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठेही नसते.

मधल्या काळातील दोन गमतीही सांगून टाकतो. १९५९ मध्ये क्रॉफर्ड आणि केनेडी यांना आढळले की, लघवी वाढवणारे थायाझाइड औषध या रुग्णांत लघवी कमी करते. आणि १९६० च्या दशकात मधुमेहाची क्लोरप्रोपामाइड ही गोळी काही रुग्णांना लागू पडली. म्हणजे गोड डायबेटिसची गोळी अळणी डायबेटिसला! नावांचा गोंधळ आधीच कमी नव्हता.

त्या गोंधळाची झळ आमच्याही घराला लागली आहे. माझ्या मावशीची पिट्युटरीची शस्त्रक्रिया एका मोठ्या शहरात झाली. कागदावर आजाराचे पूर्ण नाव होते, पण वॉर्डात पहिलाच शब्द वाचला गेला. खाटेला ‘डायबेटिक डाएट’ची पाटी लागली, बोटातून रक्त घेऊन साखर तपासली जाऊ लागली, आणि ती मागत होती ते पाणी मात्र मोजून मिळत होते. एका निवासी डॉक्टर मुलीच्या लक्षात आले म्हणून पुढचे टळले. गावाकडे आल्यावरही भेटायला येणारा प्रत्येकजण विचारायचा, “शुगर किती आहे हो?”

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस फसवे असतात, हेही इतिहासानेच शिकवले. शिकागोत फिशर, इंग्रम आणि रॅन्सन यांनी १९३० च्या दशकात मांजरींवर प्रयोग करून तीन टप्पे दाखवले. पिट्युटरीच्या देठाला इजा झाली की आधी काही दिवस लघवीचा पूर येतो. मग मरणाऱ्या तंतूंतून साठलेले संप्रेरक एकदम गळते, लघवी आटते आणि पाणी अंगात साचते. साठा संपला की पूर पुन्हा येतो, बहुधा कायमचा. माणसांतही हे तीन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात ठरवलेली औषधाची मात्रा दुसऱ्या टप्प्यात तशीच चालू ठेवली, तर सोडियम कोसळते. म्हणून अशा रुग्णाची लघवी आणि सोडियम रोज, कधी दिवसातून अनेकदा मोजावे लागते, आणि घरी सोडल्यावरही साधारण आठवड्याने रक्त पुन्हा तपासतात.

आज प्रौढ रुग्णाचे व्यवस्थापन ज्या सूत्रांवर चालते, ती सगळी वरच्या घटनांतून आलेली आहेत. तहान शाबूत असेल तर तहानेप्रमाणे प्यावे. सवयीने, भीतीने किंवा ‘भरपूर पाणी प्या’ या सर्वसाधारण सल्ल्याने नव्हे. ही १९२२ ची शिकवण. अनेक तज्ज्ञ आठवड्यातून एकदा वगैरे डेस्मोप्रेसिनची एक मात्रा लांबवायला सांगतात. लघवी मोकळी सुटली की साचलेले जादा पाणी निघून जाते. ज्यांची तहानच आजाराने नष्ट झाली आहे, त्यांचे काम सर्वांत अवघड : त्यांना रोजचे वजन आणि वारंवार मोजलेले सोडियम यांच्या आधाराने पाणी ठरवून प्यावे लागते. पिट्युटरीच्या पुढच्या भागालाही इजा असेल आणि कॉर्टिसोल कमी असेल, तर हा आजार झाकला जातो. स्टेरॉइड सुरू केले की तो एकाएकी उघडा पडतो. आणि बेशुद्ध रुग्णाला केवळ नेहमीचे सलाइन चढवत राहिले, तर मूत्रपिंड पाणी सोडून देते, मीठ ठेवून घेते, सोडियम आणखी वर जाते. अशा वेळी पाणीच हवे असते, नळीने पोटात किंवा ग्लुकोजच्या द्रवातून शिरेत. (मात्रा ठरवणे हे अंतःस्रावतज्ज्ञांचे काम आहे, हा धागा इतिहासाचा आहे.)

आता नाव बदलण्याची गोष्ट. २००९ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात २२ वर्षांचा तरुण वेगळ्याच शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला होता. त्याला हा आजार होता. औषध चुकले, पाणी मिळाले नाही. व्याकूळ होऊन त्याने वॉर्डातूनच पोलिसांना फोन लावून पाणी मागितले. त्याचे चिडणे हे वाईट वर्तन समजले गेले. वस्तुतः ती चढत्या सोडियमची खूण होती. तो निर्जलीकरणाने मरण पावला. भर शहरात, नळाला पाणी असताना.

पुढे जगभरातील हजाराहून अधिक रुग्णांची पाहणी झाली. सुमारे ८० टक्के रुग्णांनी सांगितले की, आरोग्य कर्मचाऱ्यांनीच आपला आजार मधुमेह समजण्याचा प्रसंग आपल्यावर आला आहे; ८५ टक्क्यांना नाव बदलायला हवे होते. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने ते बदलले. मेंदूत संप्रेरक तयार होत नसेल तर ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन कमतरता’, आणि संप्रेरक असूनही मूत्रपिंड जुमानत नसेल तर ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन प्रतिरोध’. काही काळ जुने नाव कंसात लिहिले जाईल, असेही ठरले.

मराठीत काय म्हणावे? ‘उदकमेह’ हा शब्द देखणा आहे आणि काही कोशकारांना तो मोह पडणे स्वाभाविक आहे. माझे मत विरुद्ध आहे. ‘मेह’ ऐकला की कानाला मधुमेहच ऐकू येतो. इंग्रजीने अडीचशे वर्षांनी जो घोळ निस्तरला, तो आपण संस्कृतातून परत आणू. शिवाय चरकाचा उदकमेह आणि हा आजार एकच असल्याचा आभास त्यातून निर्माण होतो, जो आपण वर तपासला. ‘व्हॅसोप्रेसिनची कमतरता’ हे नाव रूक्ष आहे, उच्चारायला जड आहे. पण वॉर्डातल्या पाटीवर ते वाचून कोणी साखर तपासायला येणार नाही.

हा आजार साधारण २५ हजारांत एकाला असतो. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. केवळ गणिताने पाहिले तर जिल्ह्यात सत्तरेक माणसे. त्यांच्यापैकी कोणाला नाकातले औषध फ्रिजमध्ये ठेवावे लागत असेल, तर भारनियमनाचे वेळापत्रक त्याला पाठ असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर होते. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. त्या उन्हाळ्याबद्दल आपण पुष्कळ लिहिले आहे, टँकरच्या रांगांबद्दल, हंड्यांबद्दल, माणशी २० लिटरांबद्दल. त्या रांगेत दुसरा हंडा मागणाऱ्या एखाद्या माणसाच्या खिशात डेस्मोप्रेसिनची चिठ्ठी असू शकते, हे मात्र टंचाईच्या कोणत्याही रकान्यात लिहिलेले नसते.